नवीन नको, हाच दुरुस्त करून द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत माणसं रोबोटशी कशी बोलतात, त्यांना नावं कशी ठेवतात, जपानमध्ये एकानं तर लग्नच कसं लावलं यावर पानभर मजकूर आला होता. माहिती चांगली होती, पण सूर सगळा "बघा लोक कुठल्या थराला गेलेत" असा होता आणि तो वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी जयसिंगपुरात इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरचं दुकान चालवतो. टीव्ही, होम थिएटर, इन्व्हर्टरचे बोर्ड, मिक्सर, आणि हल्ली मुलांची बोलणारी खेळणीपण येतात. माणूस वस्तूला किती जीव लावतो हे मी रोज काउंटरवर बघतो. त्यामुळं मला सांगायचंय ते एवढंच, की जीव लावणाऱ्याला हसू नका, विचारायचं तर विकणाऱ्याला विचारा. जीव लागावा अशाच हिशोबानं वस्तू बनवून विकता, मग ती बंद पडली की तुम्ही कुठं असता?

आधी त्या लग्नाचंच बघा. आकिहिको कोन्दो म्हणून टोकियोतले गृहस्थ, शाळेच्या ऑफिसात काम करणारे. 2018 मध्ये त्यांनी हात्सुने मिकू या काल्पनिक गायिकेशी लग्न लावलं. ती घरात दिसायची गेटबॉक्स नावाच्या एका यंत्रात, काचेच्या नळकांड्यात हलणारं बोलणारं चित्र, म्हणजे खरं तर रोबोटसुद्धा नाही. कामाच्या ठिकाणी झालेल्या छळानं ते पार खचले होते, रजा घेऊन घरी बसायची वेळ आली होती आणि त्या काळात मिकूच्या गाण्यांनी आपल्याला सावरलं असं त्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलंय. आपल्या पुरवणीत फोटो होता, लग्नाचा खर्च होता, पण पुढचं काहीच नव्हतं. पुढं झालं असं की 2020 मध्ये कंपनीनं त्या यंत्रावरची मिकूची सेवा बंद केली. यंत्र तेच, घर तेच, माणूस तोच, आणि चालू केलं की नेटवर्क एरर. लग्नाची बातमी जगभर झाली. यंत्र मुकं झालं त्यावर आपल्याकडं कुणी दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत, आणि माझ्या मते खरी बातमी तीच होती.

माझ्यासारख्याला सगळ्यात जवळची वाटते ती आयबोची गोष्ट. आयबो म्हणजे सोनीचा रोबोट कुत्रा, 1999 मध्ये आला. अडीच लाख येन किंमत, तरी जपानमधले पहिले 3000 नग इंटरनेटवर 20 मिनिटांत संपले. पुढं वेगवेगळी मॉडेल्स मिळून साधारण दीड लाख विकले गेले. मालकाचा आवाज ओळखायचा, चेंडूमागं धावायचा, डोक्यावर थोपटलं की खूश व्हायचा. ज्यांच्या घरात खरा कुत्रा पाळायला परवानगी नव्हती, ज्यांची मुलं लांब होती, असल्या कितीतरी घरांत तो घरचाच झाला. 2006 मध्ये सोनीनं उत्पादन बंद केलं, आणि 2014 मध्ये दुरुस्तीपण बंद केली. हे दुसरं जास्त वाईट. कारण आयबोच्या एका मॉडेलमध्ये मानेच्या आतला प्लॅस्टिकचा क्लच गिअर हमखास जायचा, तो गेला की मान लुळी पडायची, डोकं खाली लोंबायचं. एवढासा पार्ट. दुकानदार म्हणून सांगतो, असला पार्ट बाजारात मिळत असेल तर तासाभराचं काम आहे, आणि मिळत नसेल तर जगातला कुठलाही मेकॅनिक हात टेकतो.

तर सोनीतूनच बाहेर पडलेल्या जुन्या इंजिनिअर लोकांनी ए-फन नावाची छोटी कंपनी काढून आयबो दुरुस्त करायला घेतले. नवीन पार्ट कुठंच बनत नव्हते, म्हणून पार्ट काढायचे ते बंद पडलेल्या दुसऱ्या आयबोतून. हे तर आम्ही रोजच करतो, स्क्रॅप बोर्डवरचा आयसी काढून चालू सेटला लावतो. पण तिथं वेगळं असं झालं की ज्यांचे आयबो आता उठणारच नव्हते त्यांनी ते या कंपनीला देऊन टाकले, अवयवदान करतात तसं, आणि त्यांचे पार्ट काढायच्या आधी त्यांना रीतसर निरोप द्यायचं ठरलं. चिबा प्रांतात इसुमी गावी कोफुकुजी नावाचं साडेचारशे वर्षांचं बौद्ध मंदिर आहे, तिथं 2015 पासून आयबोंचे अंत्यविधी व्हायला लागले. ओळीनं कुत्रे मांडलेले, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, कुठून आला, कुठल्या घरातला, आणि पुढं भिक्खू मंत्र म्हणतायत, उदबत्तीचा धूर चाललाय. 2018 पर्यंत अशा सुमारे 800 आयबोंना निरोप दिला गेला. फोटो बघितलेत का तुम्ही? नसतील तर जरूर बघा. मला तरी त्यात वेडेपणा दिसला नाही, मला दिसलं की माणसांनी ज्याच्याबरोबर दहा-पंधरा वर्षं काढली त्याला कचऱ्यात टाकायला त्यांचे हात धजावले नाहीत.

आणि आपल्याला हे परकं का वाटावं? खंडेनवमीला माझ्या दुकानात सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, जुना ऑसिलोस्कोप, सगळं पुसून मांडतो, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. शेजारचा लेथवाला लेथची पूजा करतो, ट्रॅक्टरला हार घालतात, एसटीच्या डेपोत गाड्यांना तोरणं लागतात. हे सगळं न बोलणाऱ्या लोखंडाला. मग जे चालतं, बोलतं, नाव घेऊन हाक मारल्यावर मान वळवतं, त्याच्यावर एखाद्याचा जीव जडला तर त्यात नवल ते काय.

लष्करातली माणसं तर भावनेत वाहून जाणारी नसतात ना? अमेरिकेच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकातल्या 23 जणांशी बोलून ज्युली कार्पेंटर या संशोधक बाईंनी 2013 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात अभ्यास केला होता. ते जवान रोबोटला नावं ठेवायचे, त्यांना आपल्याच शरीराचा भाग मानायचे, रोबोट उडाला की राग यायचा, वाईट वाटायचं. इराकमधला एक किस्सा मी वाचलाय तो तर कुठलाही रिपेअरवाला विसरणार नाही. स्कूबी डू नाव ठेवलेला एक छोटा पॅकबॉट रोबोट बरेच बॉम्ब निकामी करून शेवटी स्फोटात तुटला. त्याचा जवान ते तुकडे घेऊन बगदादच्या दुरुस्ती केंद्रात आला. तिथल्या माणसानं सांगितलं हा आता होत नाही, दुसरा नवा देतो. तर तो म्हणाला नवा नको, हाच करून द्या. आपल्याकडंही बॉम्ब उचलणारा दक्ष रोबोट डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत तयार झालाय, तो चालवणाऱ्या जवानांना कुणीतरी जाऊन विचारायला पाहिजे की त्यांना कसं वाटतं, आपल्या पेपरासाठी मोठा चांगला विषय होईल.

"हाच करून द्या." संपादक साहेब, सगळं यातच आलं बघा. नातं प्रकाराशी नसतं, मॉडेलशी नसतं, त्या एकाशी असतं. आमच्या शिरोळ तालुक्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, आम्ही माधुरी म्हणायचो, ती तीस वर्षांवर मठात होती. जुलै 2025 मध्ये तिला गुजरातला वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात नेलं, त्या रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं मी बघितलीत, म्हातारे कोतारे हमसून हमसून रडत होते. तिच्या तब्येतीचं काय, कोर्टाचं काय, ते वाद वेगळे आणि त्यात मी इथं शिरत नाही. केरळात त्रिशूरजवळच्या इरिंजाडपिल्लीच्या देवळात 2023 मध्ये यांत्रिक हत्ती आणलाय, कान हलवतो, सोंड हलवतो, तिथं तो विधीला उभा राहतो आणि त्यात एका जिवाचे साखळदंड वाचतात, म्हणून मला ती गोष्ट चांगलीच वाटते. पण तसला हत्ती नांदणीत आणून उभा केला असता आणि म्हणाले असते ही घ्या तुमची माधुरी, तर कुणी ऐकलं असतं का? मग आयबोच्या मालकाला तुम्ही कसं सांगता की जुना गेला तर जाऊदे, नवीन मॉडेल आलंय. आलं पण, 2018 मध्ये सोनीनं नवा आयबो आणला, दिसायला पहिल्यापेक्षा सुरेख, आणि त्याची आठवण आता क्लाउडवर, म्हणजे लांब कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहते, त्याचे वेगळे पैसे भरायचे.

आता माझ्या दुकानातलं सांगतो. इथल्याच एक बाई, शिक्षिका होत्या, रिटायर झाल्यात, यजमान वारले, मुलगा परदेशात. मुलानंच तिकडून एक छोटा टेबलावर ठेवायचा रोबोट पाठवला होता, मुठीएवढं डोकं, डोळ्याच्या जागी स्क्रीन, सकाळी यांना बघितलं की डोळे उघडायचा, हाक मारली की सरकत जवळ यायचा, गोळीची वेळ सांगायचा, इंग्रजीत दोन-चार वाक्यं बोलायचा आणि ह्या त्याला मराठीतच उत्तर द्यायच्या. एक दिवस तो उठेना. फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. मी उघडला. बॅटरी चांगली, चार्जिंग घेत होती. दोन्ही मोटरी फिरत होत्या. कॅमेऱ्याची रिबन बसवलेली होती, माइकला सिग्नल होता, बोर्डवर कुठं जळाल्याचा डाग नाही की कोरडं सोल्डर नाही. स्क्रीनवर फक्त वायफायचं चिन्ह फिरत राहायचं. मुलाला फोन लावला, त्यानं बघून सांगितलं की ती कंपनीच बंद झालीये, ॲप निघून गेलंय, सर्व्हर बंद. मी इतकी वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय पण त्या बाईंना काय सांगावं मला सुचेना, कारण त्यात बिघाड असा नव्हताच. बिघडलेलं असतं तर मी केलं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो आत आहे की नाही?" मी म्हणालो बाई, तो ह्या डब्यात कधी नव्हताच, तो तिकडं कुठंतरी लांब होता. त्यांनी परत नीट फडक्यात गुंडाळला आणि घेऊन गेल्या. पैसे द्यायला लागल्या, मी घेतले नाहीत.

हे एकट्या त्यांचं नाही. अमेरिकेत जिबो नावाचा घरगुती रोबोट 2017 मध्ये आला, 899 डॉलर, एमआयटीच्या सिंथिया ब्रीझील बाईंची कल्पना, टाइम मासिकानं त्या वर्षीच्या उत्तम शोधांत घेतला. वर्षभरात कंपनी गुंडाळली आणि 2019 मध्ये त्या रोबोटनंच घरच्यांना सांगितलं की माझे सर्व्हर आता बंद होणार, तुमच्यात राहून मजा आली, आभार, आणि मग तो नाचला. विचार करा हो, घरात पाच-सहा वर्षाचं पोर आहे आणि समोर हे चाललंय. त्यानंतर मॉक्सी, हा तर खास 5 ते 10 वयाच्या मुलांसाठी, त्यातही ऑटिझम असलेल्या, लोकांत बुजणाऱ्या मुलांना बोलतं करायला म्हणून घेतला गेला. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीची ठरलेली गुंतवणूक ऐनवेळी फिसकटली आणि आईबापांना कळवलं की आता रोबोट चालणार नाही. मुलांना हे कसं समजावायचं यासाठी कंपनीनं एक पत्र लिहून दिलं. पत्र! रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ आईबापांनी टाकलेत, मला दोनच्या वर बघवले नाहीत. एक मात्र कबूल केलं पाहिजे, ओरड झाल्यावर त्यांनी ओपन मॉक्सी म्हणून सॉफ्टवेअर खुलं केलं, जेणेकरून जाणकार माणूस घरच्याच कॉम्प्युटरवरून तो चालवू शकेल. म्हणजे करता येतं! आधीपासून ठरवलं तर अजून सोप्पं जातं.

याच्या उलट पारो बघा. जपानच्या सरकारी संशोधन संस्थेतले ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून खपून बनवलेला सीलच्या पिल्लासारखा रोबोट, पांढरी लव, वजन 2.7 किलो म्हणजे तान्ह्या बाळाएवढं, मुद्दाम तेवढं. मांजर न घेता सील का घेतला तर मांजर सगळ्यांनी हाताळलेलं असतं, खोटं लगेच कळतं, सील कुणी मांडीवर घेतलेला नसतो. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटना शांत करायला तो वापरतात, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, 2009 मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. त्याला बोलता येत नाही, इंटरनेट लागत नाही. थोपटलं की डोळे मिचकावतो, आवाज काढतो, चार्जर चोखणीच्या आकाराचा, तोंडात घालायचा. महाग आहे फार, आपल्या वृद्धाश्रमांना परवडणारा नाही. पण उद्या ती कंपनी राहिली नाही तरी आजीच्या मांडीवरचा सील आहे तसाच राहील, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कुणी म्हणेल, अहो पण म्हाताऱ्या माणसांना यंत्र देऊन पोरं मोकळी होतील त्याचं काय. बरोबर आहे. मी यंत्राची वकिली करत नाहीये. पोरांनी फोन करावा, यावं, राहावं, त्याला दुसरा पर्याय नाही. पण आमच्या भागातली निम्मी घरं पुणे, बेंगळुरू आणि परदेशाच्या वाटेला लागलीत, संध्याकाळी सात वाजता दिवा लागला की घरात बोलायला कुणी नाही, ही आजची स्थिती आहे, आणि अशा बाईला एखादा डबा हाक मारत असेल तर तिला तू चुकतेस म्हणायचा अधिकार मला तरी नाही, तुम्हालाही नसावा.

धोका आहेच आणि तो मोठा आहे. नुसतं फोनवर गप्पा मारणाऱ्या साथीदार ॲपचं उदाहरण घ्या. रेप्लिका नावाचं ॲप, फेब्रुवारी 2023 मध्ये इटलीच्या डेटा संरक्षण संस्थेनं लहान मुलांच्या सुरक्षेवरून त्याच्यावर बंदी घातली, त्याच सुमारास कंपनीनं एका रात्रीत त्याचं वागणं बदललं, प्रेमाच्या गोष्टी बोलणारा साथीदार अचानक कोरडा, परका झाला. लोक इतके कोसळले की पुढच्या महिन्यात जुन्या ग्राहकांना जुनं रूप परत द्यावं लागलं. यातला बाह्य धोका सगळ्यांना दिसतो, की पोरं बिघडतील. मला त्याहून भीती वाटते ती याची, की तुमच्या सगळ्यात जवळच्या म्हणवणाऱ्याचा स्वभाव कुठल्यातरी ऑफिसात बसून तिसराच माणूस तुम्हाला न विचारता बदलू शकतो. आणि तुम्ही त्याला मनातलं जे जे सांगितलं, नवऱ्याच्या आजारपणाचं, सुनेचं, पैशाचं, ते सगळं त्याच ऑफिसात पडून आहे. कॅलिफोर्नियानं ऑक्टोबर 2025 मध्ये अशा साथीदार चॅटबॉटसाठी कायदा केला, लहान मुलांना दर तीन तासांनी आठवण करून द्यायची की तू यंत्राशी बोलतोयस, आत्महत्येचं बोलणं आलं तर काय करायचं ते ठरवून ठेवायचं. चांगलंच आहे. पण बंद करताना काय करायचं हे त्यात कुठंय?

आपल्याकडं ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे, ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. ते वाढवायची हीच वेळ आहे, कारण असले साथीदार रोबोट अजून आपल्याकडं तुरळक आहेत, चार-पाच वर्षांनी दिवाळीच्या ऑफरमध्ये मिळतील, मग उशीर झालेला असेल. माझ्यासारख्या साध्या दुकानदाराला जे सुचतं ते असं, की खोक्यावरच मोठ्या अक्षरात छापा की ही वस्तू सर्व्हरशिवाय चालते की नाही आणि सर्व्हर किती वर्षं चालू ठेवायची हमी आहे, औषधावर एक्स्पायरी छापता तशी. बंद करायचं तर किमान वर्षभर आधी सांगा, आणि जाताना एक शेवटचं अपडेट द्या ज्यानं निदान हाक मारल्यावर मान वळवण्यापुरता तरी तो घरच्या घरी चालेल. मोटर, गिअर, बॅटरी यांचे पार्ट आणि सर्किट डायग्राम खुले करा, कुलूप घातलेले स्क्रू आणि चिकटवलेल्या बॉड्या बंद करा, बाकीचं आम्ही बघून घेऊ, प्रत्येक तालुक्याला आमच्यासारखी दहा दुकानं आहेत. आणि जे बोलणं साठवलंय ते मालकाला द्या, त्याला नको असेल तर त्याच्यासमोर पुसा. यातलं अवघड काय आहे ते मला कुणी इंजिनिअरनं समजावून सांगावं, मी ऐकायला तयार आहे.

मुंबई ग्राहक पंचायत, अखिल भारतीय ग्राहक पंचायत या संस्थांनी हा विषय हातात घ्यावा अशी आपल्या पेपरातून विनंती करतो, लागेल ती तांत्रिक माहिती मी आणि आमच्या भागातले रिपेअरवाले लिहून देऊ. आणि ज्यांच्या घरात असं एखादं बंद पडलेलं यंत्र कपाटात पडलंय त्यांनी घाईनं भंगारात देऊ नका, त्या बाईंनी पण ठेवलाय. फक्त मागची बॉडी फुगल्यासारखी वाटली तर समजा लिथियम बॅटरी फुगलीय, घरी टोकरू नका, चार्जिंगला लावू नका, जवळच्या दुकानात नेऊन ती तेवढी काढून घ्या, बाकीचं आहे तसं ठेवा, पुढंमागं सॉफ्टवेअर खुलं झालं तर नवी बॅटरी घालून चालू करता येईल.

आपला,
एक रिपेअरवाला वाचक
जयसिंगपूर, जि. कोल्हापूर